मेलेल्यांच्या वतीने

टाचणीबाईंचं खरं नाव आमच्या चर्चच्या मंडळीच्या यादीत आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात कपड्यांची खोली आहे, तिथं त्या सत्तावीस वर्षं शिवणाचं काम करत होत्या. फाटलेल्या चादरी, पेशंटचे बटणं तुटलेले झगे, उशांचे अभ्रे, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. कॉलरला कायम पाचसहा टाचण्या टोचलेल्या. रविवारीसुद्धा. उपासना संपल्यावर कुणी मिठी मारायला पुढे झालं की आधी छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "थांबा, टोचेल."

नवरा लवकर गेला. देवाधर्माच्या भानगडीत न पडणारा, पण बायकोला दर रविवारी चर्चच्या दारापर्यंत सोडायला येणारा माणूस होता. मागे एकच मुलगा. तो मोठा होऊन लिफ्टचा मेकॅनिक झाला. अंगानं दणकट, बोलायला हळू, आणि हाताला सतत काहीतरी दुरुस्त करायला लागायचं. चर्चमधलं कडी न लागणारं दार, खरखरणारा माईक, डुगडुगणारं बाक, सगळं त्याच्यामुळे धड होतं.

माझा नवरा त्या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू. मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, अक्षर बरं आहे, म्हणून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बैठकीचं टिपण लिहायचं काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं आणि तिथंच राहिलं.

आमच्याकडे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होत नाही. माणूस मोठा झाला, स्वतःच्या तोंडानं 'माझा विश्वास आहे' म्हणाला, की मग. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली कमरेएवढ्या पाण्याचा हौद आहे. वर्षातून तीनदा तो भरतो. त्याआधी उमेदवारानं पंचांसमोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

टाचणीबाईंचा मुलगा सव्वीस वर्षांचा झाल्यावर या प्रश्नांना बसला. मंगळवारची संध्याकाळ होती. त्याच्याबरोबर आणखी तिघं होते. प्रश्न विचारायला पंचांतले हेडमास्तर. ते कधीच निवृत्त झाले होते, पण समोर बसलेला माणूस अजूनही आपोआप ताठ बसायचा. पाप, पश्चात्ताप, प्रार्थना, सगळ्यांची उत्तरं मुलानं नीट दिली. मग हेडमास्तरांनी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला.

"शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, यावर तुझा विश्वास आहे?"

बाकीच्या तिघांनी या प्रश्नाला एका दमात 'हो' म्हणून टाकलं होतं. यानं आधी टेबलावरची पेन्सिल दोनदा फिरवली.

"खरं सांगू का सर? अजून पूर्ण पटत नाही. रोज थोडं थोडं पटतं. पटावं असं फार वाटतं. बाबा आहेत ना तिकडे."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"प्रामाणिक आहेस, बाळ," ते म्हणाले. आवाजात कडकपणा अजिबात नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. "पण याचा अर्थ अजून तयारी नाही. पुढच्या तारखेला ये. घाई कसली?"

सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. शेवटचा शब्द त्याचा. त्याला वाटलं असतं तर तो तिथल्या तिथे म्हणू शकला असता की हे उत्तर पुरेसं आहे. तो म्हणाला, "चार महिने म्हणजे काही फार नाहीत."

मुलगा हसला. "मी तरी लिफ्ट तपासल्याशिवाय कुठं सोडतो? तुम्ही कशाला सोडाल?" असं म्हणून तो उठला, आणि जाता जाता कपाटाचा अडकलेला खण मोकळा करून गेला.

रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे एकच ओळ असते. मी लिहिलं, 'पुनरुत्थानाविषयी शंका. पुढील तारखेस पुन्हा.'

सात आठवड्यांनी तो गेला. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून काम करत होता आणि लिफ्ट हलली. कुणी बटण दाबलं, काय तुटलं, याची चौकशी झाली, अजून चालूच आहे म्हणतात. त्याला आणलं ते त्याच्या आईच्याच हॉस्पिटलात. टाचणीबाई तळघरातून वर आल्या, कॉलरला टाचण्या तशाच. मी आणि माझा नवरा तोवर पोहोचलो होतो. त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला, आणि मग त्याच्या अंगावरच्या चादरीची कड हातात घेऊन बोटांनी चाचपत राहिल्या. ती शिलाई त्यांचीच होती.

दफन माझ्या नवऱ्यानं केलं. काहीही कमी ठेवलं नाही, मंडळीच्या सभासदाला जसं करतात तसंच सगळं. बाप्तिस्मा नसताना एवढं का, असं कुणी विचारलं नाही. प्रार्थना हेडमास्तरांनी करायची होती, पण ती त्यांना पुरी करवली नाही. मध्येच थांबले आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी टाचणीबाई आमच्या घरी आल्या. हातातल्या पवित्र शास्त्राच्या पुस्तकात खूण म्हणून टाचणीच लावलेली होती. नवरा दाढी करत होता, तसाच अर्ध्या साबणानिशी बाहेर आला.

"बसा ताई. चहा ठेवते," मी म्हटलं.

"चहा नको वहिनी. पाळकसाहेब, हे वाचा." त्यांनी पान उघडून पुढे केलं.

त्यानं पाहिलं, आणि वाचायच्या आधीच त्याला कळलं की कोणती जागा आहे. एका प्रेषितानं एका मंडळीला लिहिलेलं ते पत्र. मेलेले उठतात की नाही यावर तिथल्या लोकांशी तो वाद घालतोय, आणि घालता घालता एका ओळीत विचारून जातो, की मेलेले जर उठणारच नसतील तर त्यांच्या वतीनं बाप्तिस्मा घेणारे लोक तो घेतात तरी कशाला. बस्स. पुढच्या ओळीला तो दुसऱ्याच मुद्द्यावर. कोण लोक, कसा घेत, ते बरोबर होतं की चूक, काही नाही.

"म्हणजे लोक घेत होते," टाचणीबाई म्हणाल्या. "मेलेल्यांसाठी. जिवंत माणूस पाण्यात जायचा आणि मेलेल्याचं व्हायचं. असंच ना?"

"असं... असं दिसतं खरं."

"मग मला द्या. त्याच्या वतीनं."

साबण सुकून त्याच्या गालावर पांढरे पापुद्रे आले होते. तो खुर्चीवर बसला. "ताई, या ओळीचा अर्थ नक्की काय, हे कुणालाच माहीत नाही."

"तुम्ही शिकलात ना एवढं? चार वर्षं."

"शिकलो. तिथंही कुणाला माहीत नव्हतं."

त्यांना ते खोटं वाटलं नाही, पण पटलंही नाही. त्यांनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बघा. मी थांबते. मला काही घाई नाही." आणि निघून गेल्या. 'घाई' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता, मला खात्री आहे. पण माझ्या नवऱ्यानं दाढी तशीच अर्धी ठेवून तोंड धुऊन टाकलं.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची चळत उभी राहिली. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. कुणाचं म्हणणं, तिथल्या एका गटाची ती चुकीची रीत होती, प्रेषितानं नुसता दाखला दिला. कुणाचं म्हणणं, बाप्तिस्म्याची तयारी करताना जे मरायचे त्यांच्यासाठीच ती रीत होती. हे वाचून तो दोन मिनिटं खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिसरा म्हणे, अर्थ तसा नाहीच, मेलेल्या आप्तांना पुन्हा भेटता यावं म्हणून जिवंत माणसं विश्वास धरत, एवढंच. चौथ्यानं तर विरामचिन्हंच हलवली होती. प्रत्येकाचं पुस्तक जाडजूड, आणि प्रत्येक जण आपल्या आधीच्याला खोडत आलेला.

शेवटी त्यानं त्याच्या कॉलेजातल्या म्हाताऱ्या गुरुजींना फोन लावला. स्पीकर चालू होता, मी भाजी चिरत ऐकत होते.

"अरे, ते वचन मी चाळीस वर्षं शिकवलं," गुरुजी म्हणाले. "तास संपायला पाच मिनिटं उरली की घ्यायचो. म्हणजे पोरांना प्रश्न विचारायला वेळच मिळत नसे."

नवरा हसला नाही. "गुरुजी, इथं एक आई विचारतेय."

गुरुजींचा थट्टेचा सूर गेला. "माझ्या चाळीस वर्षांत कुणाच्या आईनं विचारलं नाही रे," ते म्हणाले. "मी काय सांगू तुला? सांभाळ तिला." आणि मग त्यांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली, माझी केली, आणि फोन ठेवला.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्यानं एक गोष्ट केली, जी त्याला तेव्हा शहाणपणाची वाटली. गुरुवारच्या शास्त्राभ्यासाला त्यानं तोच अध्याय घेतला. सगळ्यांनी मिळून वाचू, कुणाला काही सुचलं तर बरंच, नाहीतर निदान टाचणीबाईंना दिसेल की आपण टाळत नाही आहोत.

एरवी गुरुवारी बारा माणसं येतात. त्या दिवशी चाळीस आली. खुर्च्या कमी पडल्या. टाचणीबाई भिंतीकडच्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

सुरुवात बरी झाली. मग हेडमास्तर बोलले. "ज्या वाक्याचा अर्थ आपल्याला कळत नाही, त्यावर संस्कार उभा करता येत नाही. पाया दिसत नसताना भिंत कशी बांधणार?"

"पण शास्त्रात आहे ना, सर?" बेकरीवाला म्हणाला. हा माणूस पहाटे तीनला उठून पाव भाजतो, एरवी शास्त्राभ्यासात डुलक्या काढतो. त्या दिवशी तो टक्क जागा होता. "आहे म्हणजे आहे. आपल्याला कळत नाही म्हणून काय फाडून टाकायचं पान?"

"फाडा कोण म्हणतंय? शास्त्रात बऱ्याच लोकांनी बरंच काही केलेलं लिहिलंय. ते सगळं आपण करायचं?"

"मग करायचं कुठलं आणि सोडायचं कुठलं, हे ठरवणारे तुम्ही कोण?"

आवाज चढले. कुणी म्हणालं, विश्वास ज्याचा त्यालाच धरावा लागतो, उसना घेता येत नाही. कुणी म्हणालं, तान्ह्या बाळासाठी आईबाप धरतातच की इतर मंडळ्यांत. त्यावर कुणीतरी म्हणालं, जा मग त्या मंडळीत. माझा नवरा दोन्ही हात वर करून 'एकेक जण, एकेक जण' करत होता, वाहतूक पोलिसासारखा, आणि गाड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून चालल्या होत्या. मग मागच्या रांगेतून एक जण गमतीनं म्हणाला, "असं असेल तर माझ्या आजोबांचं पण उरकून घ्या. आणि पणजोबांचं. पाणी एकदाच तापवावं लागेल." दहाबारा माणसं हसली. वाईट माणसं नव्हती. ताण सुटला म्हणून हसली.

टाचणीबाई उभ्या राहिल्या तसं हसू जागच्या जागी विरलं.

"मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "कुणालाच कळणार नव्हतं, तर हे वाक्य तिथं ठेवलं कशाला?"

बेकरीवालासुद्धा खाली बघायला लागला. त्या आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या, उत्तर येतंय का बघत. मग पिशवी उचलून, माणसांच्या गुडघ्यांमधून 'जरा, जरा' करत बाहेर गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी शाळा सुटल्यावर हॉस्पिटलात गेले. तळघरातली ती खोली मी आधी पाहिली नव्हती. छताला गरम पाण्याचे पाइप, एका बाजूला धुऊन आलेल्या चादरींचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला फाटक्यांचा ढीग, मध्ये त्यांचं मशीन. त्या एका झग्याला बंद लावत होत्या. मला एका गठ्ठ्यावर बसवलं.

"वहिनी, त्या दिवशी पंचांसमोर तुम्ही होतात ना?" त्यांनी विचारलं. "तो घरी येऊन नुसतं म्हणाला, 'आई, नापास झालो.' हसत होता. मी पण हसले. काय बोलला होता तो?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द. पूर्ण पटत नाही. रोज थोडं थोडं पटतं. पटावं असं फार वाटतं. बाबा आहेत ना तिकडे.

मशीन थांबलं. "हे सगळं बोलला?"

"हो."

"आणि वहीत काय लिहिलंय?"

तेही सांगितलं.

"म्हणजे नुसती शंका लिहिली."

"ओळ एकच असते, ताई." हे बोलताना माझं मलाच कसंतरी झालं. दोन ओळी लिहिल्या असत्या तर रजिस्टर काही ओरडलं नसतं.

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी झगा घडी करून बाजूला ठेवला, दुसरा घेतला, बंद कुठं तुटलाय ते पाहिलं. "रोज थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "मग सात आठवड्यांत किती झालं असेल हो?"

मी गठ्ठ्यावरून उठून त्यांना ढिगातला पुढचा झगा काढून दिला.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "तू देऊन टाक तिला. पाणी आहे, हौद आहे, तू आहेस."

"आणि ते देऊन मी तिला काय सांगू? की आता तो वाचला? मला माहीत नाही."

"मग नाही म्हण."

"आणि नाही म्हणून काय सांगू? की नाही वाचला? तेही मला माहीत नाही." तो टेबलावरच्या पुस्तकांकडे बघत राहिला. "मला एवढंच माहीत आहे की त्या मंगळवारी मी बोलायला हवं होतं."

त्यानं वरच्या धर्मसभेला पत्र लिहिलं. सहा पानी. त्यानं वारंवार खाडाखोड केली, मग मी स्वच्छ नक्कल काढली. उत्तर दोन आठवड्यांनी आलं, चार ओळींचं. अशी प्रथा आपल्या मंडळ्यांत नाही. तरी सदर भगिनीच्या दुःखाचा विचार करून स्थानिक पाळकानं योग्य तो निर्णय प्रेमानं घ्यावा. म्हणजे चेंडू पुन्हा आमच्याच अंगणात.

हेडमास्तर एका संध्याकाळी घरी आले. कधी न सांगता येत नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसले. "मी तिच्याकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "माफी मागावी म्हणून. मी चुकलो असं मला अजूनही वाटत नाही, पण माफी मागावीशी वाटली. हे तुम्हाला समजतंय का?"

"समजतंय, सर," माझा नवरा म्हणाला.

"तिनं मला चहा दिला. माझ्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते अंगावरच शिवून दिलं. माफीचं काही बोललीच नाही. मी बोलायला लागलो की म्हणायची, हलू नका, सुई लागेल." त्यांनी कोटाचं ते बटण चाचपलं. "मी सदतीस वर्षं मुलांना नापास केलंय हो. सगळी पुढच्या वर्षी परत यायची."

ते गेल्यावर त्यांची टोपी खुर्चीवरच राहिली होती. ती द्यायला मी मागे धावले, तर ते जिन्यात कठडा धरून उभे होते. मी टोपी पायरीवर ठेवली आणि परत आले.

आणि मग ती पुढची तारीख आली. त्या रविवारी चौघांचा बाप्तिस्मा होता. फळ्या उचलल्या, हौद भरला, पाणी कोमट केलं. चर्च खचाखच भरलं होतं, आणि सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी. टाचणीबाई दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी पांढरं. मी बाजूला होते, मला घडी दिसली. बाप्तिस्म्याचा झगा होता. पुरुषाच्या मापाचा नव्हे, त्यांच्या स्वतःच्या.

चौघं एकामागून एक पायऱ्या उतरले, पाण्याखाली गेले, वर आले, त्यांच्या आयांनी अंगावर टॉवेल टाकले. चौथी मुलगी ओल्या पावलांनी आत गेली. रिवाजाप्रमाणे इथं पाळक पाण्यातून बाहेर येतो आणि गाणं सुरू होतं.

माझा नवरा बाहेर आला नाही.

कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून तो दुसऱ्या रांगेकडे बघत होता. बोलावलं नाही, हात पुढे केला नाही, नुसता उभा. टाचणीबाई त्याच्याकडे बघत होत्या. मांडीवरच्या गुंडाळीवर दोन्ही हात. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर तशीच थांबलेली. किती वेळ गेला सांगता येत नाही. घड्याळात मिनिटभर असेल. बेकरीवाल्याचे ओठ हलत होते. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्या क्षणी त्या उठल्या असत्या तर तो माणूस आडवा आला नसता. कुणीच आलं नसतं.

त्या उठल्या नाहीत. यानं बोलावलं नाही. शेवटी पाणी थंड व्हायला लागलं असावं, कारण तो शहारला, आणि पायऱ्या चढून वर आला. पेटी वाजली.

आतल्या खोलीत मी त्याला कोरडे कपडे दिले. त्याचे दात वाजत होते.

"का नाही बोलावलंस?" मी विचारलं.

"मी बोलावलं असतं तर ती माझी शिकवण झाली असती. मला जे माहीत नाही ते मी शिकवलं असतं. ती स्वतः आली असती, तर मी नाही म्हटलं नसतं. मी वाट बघत होतो."

मी तशीच बाहेर पळाले. टाचणीबाई फाटकापाशी होत्या, गुंडाळी काखेत.

"ताई, का गेला नाहीत? ते थांबले होते तुमच्यासाठी."

"मला वाटलं, ते सांगतायत की नको," त्या म्हणाल्या. "त्यांनी 'या' म्हटलं असतं तर गेले असते. पाळकानं बोलावल्याशिवाय पाण्यात कसं उतरायचं, वहिनी? ते काय माझ्या घरचं पाणी आहे?"

"मी आत्ता सांगते त्यांना. अजून पाणी आहे हौदात."

त्यांनी माझा हात धरला. "नको. लोक उठले आता." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि खरं सांगू? तिथं बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, मी त्याच्या वतीनं उभी राहिले आणि कुणी मला तोच प्रश्न विचारला, तर मी काय उत्तर देऊ? त्याचं द्यायचं की माझं?"

मी दोन्हीकडचं दोघांना सांगितलं. नवऱ्याला त्यांचं, त्यांना नवऱ्याचं. काही उपयोग झाला नाही. काही गोष्टींची वेळ एकदा टळली की नुसतं समजून काय होतं? त्यानं पुढच्या तारखेला त्यांना विचारायचं ठरवलं. ती तारीख आली तेव्हा टाचणीबाईंचे गुडघे सुजले होते आणि त्या अंथरुणावर होत्या. त्याच्या पुढच्या तारखेला त्यानं सरळ घरी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे, पाळकसाहेब. तुम्हाला दगडाखाली हात घालायला लावून मला काय मिळणार?"

तो झगा त्यांनी हॉस्पिटलात नेला, खांद्यापाशी उसवला, आणि त्यातून उशांना खोळी केल्या. कापड चांगलं होतं म्हणाल्या.

मंडळी मोडली नाही. बेकरीवाल्यानं दोन महिने चर्चला येणं सोडलं, मग पुन्हा यायला लागला आणि पुन्हा डुलक्या काढायला लागला. हेडमास्तरांनी पंचपद सोडलं. प्रश्न आता माझा नवरा विचारतो, आणि शेवटच्या प्रश्नाला मुलं पूर्वीसारखीच एका दमात 'हो' म्हणतात. तो थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसतो. मग सही करतो.

दर शनिवारी सकाळी तो टाचणीबाईंकडे जातो. कधीकधी मीही जाते. त्या आता निवृत्त आहेत, खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांचे कपडे आखूड-लांब करून देतात. चहा होतो. गुडघ्यांविषयी बोलणं होतं. तो प्रार्थना करतो, फार लांब नाही. जायला निघालो की त्या टाचण्या डबीत भरता भरता विचारतात, शेजारच्याला रेडिओवर काय सांगितलं विचारावं इतक्या साधेपणानं.

"काही कळलं का, पाळकसाहेब?"

"नाही, ताई."

"बरं. जिना बघून उतरा. खालचा दिवा गेलाय."